हलकी गाडी, जड किंमत

२९ जुलै २०१३ रोजी लंडन, न्यूयॉर्क आणि बीजिंग अशा तीन शहरांत एकाच वेळी बीएमडब्ल्यूने आय-३ ही मोटार जगापुढे आणली. लांबी चार मीटरला एक मिलिमीटर कमी, आसने चार, विजेची मोटर मागच्या चाकांवर, आणि जर्मनीतली किंमत ३४,९५० युरो. तेवढ्या पैशांत त्याच कंपनीची लांबरुंद ३-सीरीज घरी नेता येत होती. लहान गाडीसाठी मोठ्या गाडीचे पैसे कोणी का मोजावेत, हा छोट्या आलिशान विजेच्या मोटारीचा मूळ प्रश्न तेव्हाच उभा राहिला आणि तो अजून सुटलेला नाही.

आय-३चे उत्पादन सप्टेंबर २०१३ मध्ये लाइपझिगला सुरू झाले आणि जून २०२२ मध्ये थांबले. तोवर अडीच लाख गाड्या बाहेर पडल्या होत्या. गाडी साफ आपटली असे या आकड्यावरून म्हणता येत नाही. तरीही तिच्या जागी त्याच घाटाची दुसरी गाडी कंपनीने काढली नाही आणि इतरांनीही तो रस्ता धरला नाही. माझ्या मते ही गाडी ज्या कारणांसाठी बनवली गेली ती कारणे तेव्हापेक्षा आज अधिक खरी आहेत. म्हणून तिच्या जमेच्या आणि खर्चाच्या बाजू नीट मांडून पाहायला हव्यात. कागदावरची तुलना करणाऱ्यांनी तिला बरेचदा फक्त रेंजच्या आकड्यावर नापास केले आहे.

आधी वजन, कारण या गाडीतले सगळे तिथूनच निघते. विजेच्या गाडीत बॅटरी जड असते. बॅटरी जड म्हणून सांगाडा भक्कम लागतो, सांगाडा भक्कम म्हणून वजन आणखी वाढते, वजन वाढले की तोच पल्ला गाठायला आणखी मोठी बॅटरी. हे चक्र तोडायचे ठरवून बीएमडब्ल्यूच्या अभियंत्यांनी चालू गाडीच्या सांगाड्यात बॅटरी बसवण्याचा सोपा मार्ग सोडला. तो त्यांनी आधी वापरून पाहिला होता. २००९ पासून सुमारे सहाशे विजेच्या मिनी त्यांनी लोकांना चालवायला दिल्या होत्या, आणि त्या गाड्यांत मागचे आसन काढून तिथे बॅटरी ठेवावी लागली होती. त्या प्रयोगातून एक गोष्ट मात्र पक्की कळली होती: शहरी माणसाचे रोजचे धावणे गाडीच्या रेंजपेक्षा कितीतरी कमी असते.

आय-३ दोन थरांत बांधली गेली. खालच्या थरात ॲल्युमिनियमची चौकट, बॅटरी, मोटर आणि चाके. वरच्या थरात माणसे बसण्याचा पिंजरा, तो पूर्ण कार्बन फायबरचा. तोवर कार्बन फायबर म्हणजे शर्यतीच्या गाड्या, विमाने आणि मोजक्या अतिमहाग स्पोर्ट्स कार. रोज शेकड्याने गाड्या काढायच्या कारखान्यात तो आणायचा म्हणजे आधी त्याची सगळी पुरवठा-साखळीच उभी करायची होती. मूळ धागा जपानमधल्या ओताके इथे तयार व्हायचा. तो अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेकला जायचा, कारण धागा भाजून कार्बन करायला प्रचंड वीज लागते आणि तिथे जलविद्युत स्वस्त आणि मुबलक आहे. तिथून तो बव्हेरियातल्या वाकर्सडॉर्फला येई आणि त्याचे कापड होई. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प लोकांच्या प्रखर विरोधानंतर १९८९ मध्ये जिथे सोडून द्यावा लागला, तेच हे वाकर्सडॉर्फ. शेवटी लांड्सहूट आणि लाइपझिगला त्या कापडाचे साच्यात घालून भाग बनत. लाइपझिगच्या आवारात त्यासाठी चार पवनचक्क्याही उभारल्या होत्या.

एवढ्या खटाटोपाचे फळ काय? पहिल्या आय-३चे वजन बॅटरीसह १,१९५ किलो. आजची विजेवरची जीएमसी हमर घ्या: तिची नुसती बॅटरीच सुमारे १,३०० किलोची आहे. म्हणजे एका गाडीच्या बॅटरीत दुसरी आख्खी गाडी बसून वर वजन उरते. ही तुलना टोकाची आहे हे मान्य, पण बीएमडब्ल्यूच्याच आयएक्सचे वजन अडीच टनांच्या घरात जाते. या सगळ्या गाड्या माणसेच वाहतात आणि बहुतेक वेळा एक किंवा दोन.

हलकेपणाचा फायदा वीजबिलात दिसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये मोजले तेव्हा आय-३ ही त्या देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत सर्वांत कमी ऊर्जा खाणारी ठरली. शंभर किलोमीटरला साधारण १७ युनिट, आणि तेही चार्जिंगमधली गळती धरून. आयएक्सला त्याच मोजमापाने २४च्या आसपास लागतात. दिवसाला चाळीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाची आय-३ सात युनिटांत भागते. इतके युनिट घरातला एसी एका रात्रीत सहज खातो.

चालवणाऱ्याला मात्र युनिटांपेक्षा दुसरेच काही जाणवते. १७० अश्वशक्तीची मोटर मागे असल्याने पुढची चाके वळायला मोकळी राहतात आणि गाडी दहा मीटरच्या आत पूर्ण वळते. अरुंद गल्लीत, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये या गुणाचे मोल रोज कळते. थांबलेल्या जागेवरून शंभराचा वेग सात सेकंदांच्या थोडे पुढे गाठला जातो, पण खरी मजा शून्य ते पन्नासमध्ये आहे, कारण शहरात तेवढेच लागते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनरेटर होते आणि गाडी इतकी नेमकी मंदावते की सिग्नलपर्यंत ब्रेकला पाय लावावा लागत नाही. एका पेडलवर गाडी चालवण्याची ही पद्धत आज सर्रास दिसते. आय-३ने ती पहिल्या दिवसापासून ठामपणे आणली होती, आणि एकदा सवय झाली की साधी गाडी चालवताना पाय उगाच दमतो.

आतली बैठक हा आणखी एक मोठा गुण. आलिशान म्हणजे काळे कातडे, चकचकीत क्रोम आणि लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा पत्रा, ही ठरलेली समजूत या गाडीने मोडली. दरवाजांच्या आणि डॅशबोर्डच्या पत्र्यांत अंबाडीच्या जातीच्या केनाफचे तंतू दिसतात, तेही न झाकता. लाकूड निलगिरीचे. कातडे कमावायला ऑलिव्हच्या पानांचा अर्क. मध्ये गिअरबॉक्सचा उंचवटा नाही, त्यामुळे चालकाला डाव्या दारातून उजव्या दारात सरकता येते. बाहेरून लहान दिसणारी ही गाडी आत शिरल्यावर खोलीसारखी वाटते. २०१४ मध्ये जागतिक पातळीवरचे रचनेचे आणि पर्यावरणाचे असे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले, ते मला योग्य वाटतात. आलिशानपणाचा अर्थ मालाची प्रत आणि विचार असा असेल, तर ही गाडी तिच्या दुप्पट किमतीच्या कित्येक गाड्यांहून आलिशान आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गाजलेली म्हणजे पल्ला. पहिल्या गाडीत २२ युनिटची बॅटरी होती, त्यातले १९ युनिट वापरता यायचे आणि अमेरिकी मोजमापाने पल्ला भरत होता १३० किलोमीटर. थंडीत तो आणखी घसरायचा. मुंबईहून निघून पुण्याला न थांबता पोचणे तिला जमले नसते. २०१६ मध्ये बॅटरी ३३ युनिटची झाली आणि पल्ला १८३ वर गेला. २०१८च्या अखेरीस ४२ युनिट आणि २४६ किलोमीटर. लक्षात घ्यावे की बॅटरीच्या पेटीचा आकार तोच राहिला, आतल्या सेलमध्ये अधिक वीज मावू लागली. म्हणजे थांबून पाहण्याची तयारी असती तर पल्ल्याचा प्रश्न काळच सोडवत होता. जलद चार्जिंग ५० किलोवॉटवर अडकले ते मात्र शेवटपर्यंत, आणि लांबच्या प्रवासात तो अडसर खरा होता.

पल्ल्याच्या भीतीवर कंपनीने काढलेला तोडगा आय-३च्या कहाणीतला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. जादा पैसे देऊन गाडीत एक छोटे पेट्रोल इंजिन घेता येत असे: ६४७ सीसी, दोन सिलिंडर, कंपनीच्याच मोठ्या स्कूटरमधून उचललेले. ते चाके फिरवत नसे, फक्त वीज बनवून बॅटरीला आधार देई. टाकी नऊ लिटरची. कल्पना सुंदर होती, कारण रोज विजेवर चालायचे आणि महिन्यातून एकदा गावाला जाताना पेट्रोलची सोबत असायची.

कॅलिफोर्नियातल्या नियमांनी तिचा घोटाळा केला. तिथे सवलत मिळवायची तर इंजिनाने दिलेला पल्ला बॅटरीच्या पल्ल्याहून जास्त असता कामा नये आणि बॅटरी जवळजवळ संपल्याशिवाय इंजिन सुरू होता कामा नये, अशी अट होती. त्यासाठी अमेरिकेतल्या गाड्यांची टाकी सॉफ्टवेअरने सव्वासात लिटरवर बांधली गेली. बॅटरी सहा टक्क्यांवर आल्यावरच इंजिन जागे होई. महामार्गावर लांब चढ लागला की चाकांना लागणारी वीज हे छोटे इंजिन पुरवू शकत नसे, साठा संपे आणि भर रहदारीत वेग कोसळे. २०१६ मध्ये काही मालक यावरून न्यायालयात गेले. युरोपात हाच आधार, बॅटरी ७५ टक्क्यांच्या खाली आली की हवा तेव्हा, सुरू करता येई आणि चढाच्या आधी साठा राखून ठेवता येई. यंत्र तेच असून एका किनाऱ्यावर उपयोगी आणि दुसऱ्यावर धोक्याचे ठरले, कारण नियम लिहिणाऱ्यांनी घाटाचा विचार केला नव्हता. शिवाय या इंजिनामुळे सुमारे १२० किलो वजन वाढले, तेल बदलणे आले, आवाज आला. हलक्या विजेच्या गाडीचा मूळ विचारच त्याने पातळ केला. युरोपात ते २०१८ मध्ये बंद झाले हे बरे झाले.

दुसरी उणीव दरवाजांची. मधला खांब नाही, मागची दारे उलटी उघडतात आणि पुढचे दार उघडल्याखेरीज ती उघडतच नाहीत. प्रदर्शनात हे फार छान दिसते. शाळेच्या फाटकासमोर मागच्या मुलाला उतरवायचे तर आधी पुढच्याने पट्टा सोडून दार उघडायचे, हे रोज करणाऱ्याला विचारावे. मागच्या काचा खाली होत नाहीत. डिकी २६० लिटरची, म्हणजे दोन मध्यम बॅगांवर तिसरी ठेवली की प्रश्न. पाचवे माणूस नाहीच. एकट्या जोडप्याला किंवा घरातली दुसरी गाडी म्हणून हे चालते. पण आलिशान गाडीचे पैसे मोजणारा माणूस ती दुसरी गाडी म्हणून घेतो का, यावर बाजाराने आपले उत्तर दिले आहे.

टायर १५५ मिलिमीटर रुंद आणि १९ इंची रिमवरचे. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून केलेली ही अरुंद, उंच चाके तांत्रिकदृष्ट्या चोख, पण त्या मापाचे टायर जवळजवळ एकच कंपनी बनवते. आडव्या वाऱ्यात उंच, हलकी गाडी महामार्गावर डुलते. खड्ड्यात ती दणका थेट पाठीला देते. सुरक्षिततेत युरोपीय चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले, जे या नावाला शोभणारे नव्हते. २०१७ मध्ये अमेरिकेत पट्टा न बांधलेल्या लहान चणीच्या चालकाच्या चाचणीवरून विक्री काही काळ थांबवून आधीच्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

टिकाऊपणाबद्दल मात्र ही गाडी अपेक्षेहून चांगली निघाली. बाहेरचे पत्रे प्लास्टिकचे आणि स्क्रूने बसवलेले असल्याने गंज नाही, किरकोळ ठोकर लागली तर नुसता पत्रा बदलायचा. बॅटरी आठ भागांत आहे आणि बिघडलेला भाग वेगळा काढता येतो. तिला थंड ठेवण्यासाठी एसीचा वायूच खेळवला आहे, त्यामुळे त्या काळच्या निसान लीफपेक्षा या बॅटऱ्यांनी उष्णता अधिक चांगली सोसली. याच रचनेत एक महागडा धोकाही लपलेला आहे: एसीचा कॉम्प्रेसर आतून झिजून फुटला तर त्याचा कीस थेट बॅटरीच्या थंडाव्याच्या नळ्यांत जातो आणि दुरुस्तीचे बिल जुन्या गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागते. जुनी आय-३ घेणाऱ्याने सर्वांत आधी याची चौकशी करावी. गाडीतून निवृत्त झालेल्या बॅटऱ्याही वाया जात नाहीत. २०१७ मध्ये लाइपझिगलाच सातशेपर्यंत अशा बॅटऱ्या सामावणारे वीजसाठवण केंद्र उभे राहिले आणि ते पवनचक्क्यांची वीज सांभाळते.

मग एवढे गुण असताना वंश का खुंटला? कार्बनचा पिंजरा स्वस्त झाला नाही, हे सरळ उत्तर आहे. दरम्यान सेल वर्षागणिक स्वस्त होत गेले. २०१३ मध्ये एक युनिट साठवण्याचा खर्च इतका होता की वजन कमी करणे परवडे. २०१८ पर्यंत साध्या पोलादी गाडीत आणखी वीस युनिट भरणे कार्बनपेक्षा स्वस्त पडू लागले. कंपनीने कार्बनचे शिकलेले धडे २०१५च्या ७-सीरीजमध्ये आणि पुढे आयएक्समध्ये वापरले, म्हणजे नेमके मोठ्या आणि जड गाड्यांत. हिशेबनीस म्हणून पाहिले तर निर्णय बरोबर. शहर, हवा आणि रस्ता यांच्या बाजूने पाहिले तर मला तो खटकतो.

बाकीच्यांचे काय झाले हेही थोडक्यात पाहू. होंडा ई ही २०२० मध्ये आलेली देखणी गाडी ८.६ मीटरमध्ये वळत असे आणि आरशांऐवजी कॅमेरे वापरत असे. पण ३५.५ युनिटची बॅटरी आणि भारी किंमत यांमुळे ती २०२४ च्या सुरुवातीला गुंडाळली गेली. मिनीची विजेवरची कूपर आय-३च्याच घराण्यातली मोटर घेऊन आली आणि अधिक चालली, कारण तिच्या मागे साठ वर्षांची ओळख होती. नव्या पिढीत तिचा कागदोपत्री पल्ला चारशेपर्यंत गेला, वजन मात्र सोळाशे किलो ओलांडून गेले. ती चीनमध्ये बनते, म्हणून २०२४ पासून युरोपात तिच्यावर वाढीव आयातकर बसला.

भारतात आय-३ अधिकृतपणे आलीच नाही. मिनी कूपर एसई फेब्रुवारी २०२२ मध्ये ४७ लाख २० हजारांना आली आणि पहिल्या तीस गाड्या लगेच नोंदवल्या गेल्या. तिची बॅटरी ३२.६ युनिटची. त्याच वेळी पुण्याजवळ रांजणगावात बनणारी टाटाची नेक्सॉन ईव्ही ३०.२ युनिटच्या बॅटरीसह पंधरा-सतरा लाखांत मिळत होती. त्यांतल्या फरकाचा मोठा वाटा पूर्ण बांधून आणलेल्या गाडीवरच्या आयातशुल्काचा होता, काही वाटा नावाचा, आणि उरलेला बांधणीचा आणि चालवण्याच्या आनंदाचा. तो शेवटचा वाटा खरा आहे. तीस लाखांचा मात्र नाही.

आपल्याकडे आलिशान विजेची गाडी म्हणजे मोठीच असते. चाकणला २०२२ पासून मर्सिडीजची ईक्यूएस जुळवली जाते, ती पाच मीटरहून लांब आहे. सरकारचे नियमही आकार आणि वजन बघत नाहीत. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के, लहान असो वा मोठी. मार्च २०२५ च्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तो कर किमतीवर होता, रस्त्यावर पडणाऱ्या भारावर नव्हता. नॉर्वेने २०२३ पासून विजेच्या गाड्यांवरही वजनाप्रमाणे कर सुरू केला. पॅरिसने ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट केले आणि विजेच्या गाड्यांसाठी ती रेषा दोन टनांवर आखली. आय-३ या दोन्ही ठिकाणी सुखाने उभी राहते.

माझा कौल असा: घरात एक मोठी गाडी आधीपासून आहे, स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसतो आणि रोजचे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, अशा माणसासाठी छोटी आलिशान विजेची गाडी हा उत्तम पर्याय आहे. घरात एकच गाडी ठेवायची असेल, तर घेऊ नये. आणि शोरूममध्ये जाल तेव्हा विक्रेत्याला रेंज विचारण्याआधी गाडीचे वजन आणि शंभर किलोमीटरला लागणारे युनिट विचारा. ग्राहक हे प्रश्न विचारू लागल्याशिवाय चाकण आणि रांजणगावातले अभियंते हलक्या, चांगल्या प्रतीच्या छोट्या गाडीचा प्रस्ताव आपल्या साहेबांपुढे ठेवू शकणार नाहीत.